पाणीपाळी

लग्रँड ओवरसन गेल्याचा फोन आला तेव्हा
मी बटाटे किसत होते.
तेच बटाटे मग मयतीला चालले.
युटात आमच्याकडे रीतच आहे ती :
किसलेला बटाटा, चीज, वरून चुरलेले कॉर्नफ्लेक्स,
आणि रडायचं ते जेवणानंतर.

अकरा वर्षं मी त्यांची पत्रं टाइप केली.
दगडावर आता 'विद्यापीठाचे अध्यक्ष' कोरतील,
पण माणूस मुळात पाटाकडेचा.

सॅनपीट खोऱ्यात त्यांच्या बापाची पाळी
मंगळवारची, रात्री दोन ते सव्वाचार.
बाप बारं धरायचा, नऊ वर्षांचा पोरगा कंदील.
आणि वरच्या शेतातला यर्गेन्सन,
रविवारी चर्चमध्ये ह्यांच्याच बाकावर बसणारा,
वीस मिनिटं उशिरा फळी उचलायचा.
दर खेपेला.
"देव बघतोय," बाप म्हणायचा.
"घड्याळपण बघतंय," पोरगा म्हणाला.
तिथेच त्यांचा वकील झाला.

मध्ये दोन वर्षं डेन्मार्क. धर्मप्रचार.
पांढरा सदरा, ओले मोजे, तोंडावर बंद होणारी दारं.
बाप्तिस्मा दोघांचा, त्यातली एक बाई परत फिरली.
ह्याचं ते कधी वाईट वाटून घेत नसत.
"तिने निदान दार उघडलं होतं," म्हणायचे.

मग तीस वर्षं पाण्याचे खटले.
कायदा सोपा :
जो आधी आला, तो आधी प्याला.
आणि आधी कोण आलं हे ठरवायला
कपाटं भरतील इतके कागद.
त्याच्याही आधी इथे युट लोक होते,
हे त्यांनी एकदाच कोर्टात म्हणून पाहिलं.
हरले. फी घेतली नाही.
पुढचे दोन अशील परस्पर दुसरीकडे गेले.

सॉल्ट लेकहून फोन आला.
आमच्यात ह्याला बोलावणं म्हणतात,
आणि बोलावण्याला कुणी नाही म्हणत नाही.
वेल्डाबाईंनी मात्र विचारलं, "पगार?"
होता त्याच्या तिसरा हिस्सा.
"आणि त्यातून दशांश," बाई म्हणाल्या, आणि सामान बांधायला घेतलं.

ऑफिसात पिवळा कागद, शिसपेन्सिल,
कपात जवाचं काळं गरम पाणी (कॉफी आम्हाला वर्ज्य).
माझे स्वल्पविराम ते काढायचे,
मी परत घालायचे.
असं आमचं चांगलं चाललं होतं.

इतिहासाच्या स्टकीने मग काही जुन्या रोजनिश्या वाचल्या
आणि जे वाचलं ते लिहिलं.
मंडळाला झोंबलं.
त्याला काढायचं पत्र ओवरसननी चार वेळा लिहिलं.
पहिलं दोन पानी होतं. चौथं तीन ओळी,
एकही विशेषण नाही.
मी ते टाइप केलं.
म्हणजे माझ्याही बोटांवर आहे.

त्या महिन्याच्या उपासाच्या रविवारी
ते साक्ष द्यायला उठले,
पुढच्या बाकाची कड धरून उभे राहिले,
आणि काही न बोलता बसले.
सोमवारीही जेवले नाहीत. डबा तसाच.

त्या हिवाळ्यात स्टकीच्या दारातला बर्फ
रोज उजाडायच्या आत कुणीतरी ओढायचं.
मला बूट ओळखता येतात :
डावी टाच बाहेरच्या अंगाला झिजलेली.
मी कुणाला बोलले नाही.
स्टकी कुटुंब मार्चमध्ये गाव सोडून गेलं.

मयतीला स्टकी आला.
वीस मिनिटं उशिरा.
शेवटच्या बाकावर बसला, प्रार्थनेत डोळे उघडे.
नंतर हॉलमध्ये ताट घेऊन माझ्यासमोर.
"ते पत्र तू टाइप केलं होतंस ना, आर्डिस?"
हो म्हणाले. डाव हातात तसाच.
"एकही चूक नव्हती त्यात,"
तो म्हणाला,
थोडा थांबला,
आणि ताट पुढे केलं.